वळिवाच्या पहिल्या पावसात दरवर्षी घरातलं काहीतरी जळतं: दोष कुठे शोधायचा

मे महिना निम्मा सरला की मला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "काल आभाळ आलं, विजा कडाडल्या, लाईट गेली. आली तेव्हा टीव्ही बंद." दुसऱ्या घरी राउटर, तिसऱ्या घरी फ्रिज. निदान सगळ्यांनी आधीच केलेलं असतं: वीज पडली. मग नवी वस्तू येते, आणि पुढच्या वळिवात तीही जाते.

मी लातूर जिल्ह्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. माझ्या आत्याचं घर औसा तालुक्यातल्या एका गावात आहे. दोन खोल्या स्लॅबच्या, मागे स्वयंपाकाची पत्र्याची खोली. तिच्याकडे हे तीन वर्षं लागोपाठ झालं. पहिल्या वर्षी सेट-टॉप बॉक्स गेला आणि टीव्हीचं एचडीएमआयचं पोर्ट मेलं, टीव्ही मात्र चालू राहिला. दुसऱ्या वर्षी पाच एलईडी बल्ब एकदम गेले, सोबत फ्रिजचं कार्ड. तिसऱ्या वर्षी चार बल्ब, वायफायचा अडॅप्टर आणि फोनचा चार्जर. आत्याचा प्रश्न एकच होता, "अरे, वीज काय माझंच घर बघून येते का? शेजारच्यांचं तर कधी काही जात नाही."

तिन्ही वर्षं मी वस्तू बदलून देत राहिलो आणि या प्रश्नाकडे कान दिला नाही. सगळं उत्तर त्या प्रश्नातच होतं.

आधी जळालेली वस्तू बघा

भंगारवाल्याला देण्याआधी वस्तू उघडून बघा, किंवा दुरुस्तीवाल्याला "आत काय गेलंय" हे नीट विचारा. पावसाळी वादळात घरातली उपकरणं मुख्यतः दोन कारणांनी जातात आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात.

आकाशातल्या विजेचा झटका तारेतून आला, तर तो सेकंदाच्या लाखाव्या-हजाराव्या भागात येऊन जातो. व्होल्टेज हजारांत असतं, पण वेळ इतका कमी की बल्ब उजळलेला डोळ्यांना दिसतही नाही. अशा वेळी चिपला टाचणीएवढं भोक पडलेलं दिसतं, सर्किटवरची तांब्याची रेघ उडालेली असते, काजळी धरलेली असते. बऱ्याचदा वस्तूचं एखादंच पोर्ट मरतं आणि बाकी वस्तू चांगली राहते. ज्या केबलचं पोर्ट मेलं, त्या केबलने झटका आत आणला.

दुसरं कारण म्हणजे लाईनचं व्होल्टेजच चढलेलं असणं. २३० च्या जागी ३०० किंवा ३५०, तेही काही सेकंद किंवा काही मिनिटं. यात अडॅप्टरमधला कॅपॅसिटर डोक्यावर फुगतो किंवा फुटतो, निळ्या नाहीतर पिवळ्या बिस्किटासारखा गोल पार्ट काळा पडून तडकतो, आणि एलईडी बल्ब एकगठ्ठा जातात.

आत्याला मी तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा नीट बसवून विचारलं, नेमकं काय झालं ते सांग. ती म्हणाली, "वारं सुटलं होतं. वीज लांब चमकत होती. एकाएकी बल्ब दिवसासारखे झाले, पंखा भन्नाट फिरायला लागला, मग फट्ट फट्ट आवाज आले." आकाशातली वीज असं थांबून काम करत नाही. हा न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा दोष होता.

न्यूट्रल सुटला की काय होतं

डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज (करंट आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल निघतो. कोणाचं घर पहिल्या फेजवर, कोणाचं दुसऱ्या, पण न्यूट्रल सगळ्यांचा एकच. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल खांबावर तुटला किंवा ढिला झाला, की दोन फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी मात्र सारखी होत नाही. ज्या घरात मोटार किंवा इस्त्री चालू आहे त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं. ज्या घरात चार बल्ब आणि एक फ्रिज आहे, त्याच्यावर उरलेलं सगळं येऊन पडतं.

आत्या घरात एकटी असते. तिचा लोड गल्लीत सगळ्यात कमी. म्हणून शेजारच्यांचे दिवे फक्त मिणमिणत होते आणि हिच्याकडे फट्ट फट्ट होत होतं.

वारं सुटल्यावरच हे का होतं, तर खांबावरचे बरेच जोड हाताने पिळ देऊन केलेले असतात. ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याची तार थेट एकमेकींना पिळलेली असली, की त्या जोडावर गंज चढतो, मग तो तापतो, ढिला होतो. उन्हाळाभर कसाबसा टिकतो. पहिल्या वादळात तार हेलकावे खायला लागली की जोड लागतो-सुटतो.

ओळखायच्या खुणा सांगतो. शेजारी एखादी जड वस्तू चालू झाली आणि तुमच्या घरातले बल्ब जास्त उजळले, तर न्यूट्रल ढिला आहे असंच धरून चला. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल आणि घरात काहीच चालत नसेल, तर तुमच्याच सर्व्हिस वायरचा (खांबावरून घरात येणाऱ्या तारेचा) न्यूट्रल सुटलाय. फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर न्यूट्रल किंवा अर्थिंग, दोन्हींपैकी एकात नक्की खोट आहे, आणि ही गोष्ट उद्यावर टाकायची नाही.

मी त्या आठवड्यात संध्याकाळी वाऱ्याच्या वेळेला आत्याच्या बोर्डात मल्टिमीटर लावून बसलो. २३२ दिसत होते. शेजारच्या फेजवरच्या घरात पाण्याची मोटार सुरू झाली आणि आकडा चढत चढत २६८ वर गेला. त्यांच्याकडे भाच्याला मीटर देऊन उभं केलं होतं, तिथे १९० होते. मोटार बंद होताच दोन्हीकडे पुन्हा २३० च्या आसपास. यानंतर शंका घ्यायला जागाच नव्हती. वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला, लाईनमन आले. खांबावरचा न्यूट्रलचा जोड काळा पडलेला होता आणि तारेचे निम्मे पदर जळून गेलेले. त्यांनी जोड कापून कनेक्टर बसवून दिला. खांबावरचं काम लाईनमनचंच. गावातल्या हुशार पोराला चढवू नका. डीपीचा एक फेज बंद असला तरी बाकीची लाईन जिवंत असते.

फोन करताना "लाईट कमी-जास्त होते" एवढंच सांगू नका. "न्यूट्रल ढिला आहे, व्होल्टेज २७० च्या जवळ जातं, शेजारी त्याच वेळी १९० होतं" असं आकड्यांत सांगा. काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात बघा

न्यूट्रल शोधताना मी घरामागे अर्थिंग बघायला गेलो. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि जमिनीला भेगा पडतात. आत्याच्या अर्थिंगच्या पाइपाभोवती इतकी भेग पडली होती की माझी दोन बोटं सहज आत गेली. पाइप मातीला टेकलेलाच नव्हता, बाभळीच्या खुंटासारखा नुसता उभा होता. नट गंजून भुगा झालेला, आणि अर्थिंगची तार मी धरली तशी हातात आली.

यातला घात कालगणनेत आहे. विजा सगळ्यात जास्त कडाडतात त्या वळिवात आणि परतीच्या पावसात. म्हणजे वळीव येतो तेव्हा जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी आणि अर्थिंग सगळ्यात कमजोर. आपण अर्थिंग तपासतो पावसाळ्यात, ओल्या जमिनीत, तेव्हा ते छान दिसतं. कोकणात जांभ्यावर आणि जिथे दोन फुटांवर कातळ लागतो तिथे तर वर्षभरच हा प्रश्न असतो.

आत्याकडे अर्थ टेस्टर लावला तर १४० ओहम आले. घरासाठी ५ ओहमच्या आत असावं अशी माझी अपेक्षा असते. खड्डा नव्याने केला: ३ मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं, चेंबरवर झाकण, आणि पाइपापासून बोर्डापर्यंत मध्ये जोड नसलेली एकच पट्टी. ओलं केल्यावर ४ ओहम आले.

आणखी एक गोष्ट सापडली, ती बघून मला धस्स झालं. स्वयंपाकघरातल्या बोर्डात कोणीतरी अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेला तारेचा तुकडा जोडून ठेवला होता. अर्थिंग लागत नाही म्हणून केलेला जुगाड. न्यूट्रल शाबूत आहे तोवर यात काही कळत नाही. बाहेर न्यूट्रल सुटला की त्या बोर्डावरच्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यात करंट उतरतो: फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर. घर तुमचं असो वा भाड्याचं, वायरमनला सांगून हे प्रत्येक बोर्डात बघून घ्या. तसंच "न्यूट्रल कमजोर आहे" म्हणून फेजबरोबर अर्थिंगची तार घेऊन दिवे चालवायची पद्धत अजून खेड्यांत दिसते. ती ताबडतोब बंद करा. त्या जमिनीवर अनवाणी चालणारं लेकरू तुमचंच असतं.

पहिल्या वर्षीचा सेट-टॉप बॉक्स

तो मात्र खऱ्या विजेनेच गेला होता. डिश गच्चीवर, तिची केबल खिडकीतून टीव्हीकडे. वीज त्या घरावर पडायची गरजच नसते. विजेचा प्रवाह सहज ३०,००० अँपिअरच्या घरात असतो. शे-दोनशे मीटरवर चिंचेवर किंवा खांबावर पडली तरी आसपासच्या प्रत्येक लांब तारेत झटका तयार होतो. मग डिशची केबल एका व्होल्टेजला, टीव्हीचा प्लग दुसऱ्या व्होल्टेजला, आणि या दोघांची गाठ पडते ती एचडीएमआयच्या पोर्टात.

म्हणून डिशला वेगळा खिळा ठोकून वेगळं अर्थिंग करू नका. बरेच जण चांगल्या हेतूने करतात आणि नुकसान वाढवतात. घरातली सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेली पाहिजेत. गच्चीवर सोलर असेल, तर त्याच्या पॅनेलचे खड्डे आणि घराचा खड्डा पट्टीने जोडलेत का, आणि डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलकडून येणाऱ्या तारांवर, वेगळा सर्ज अरेस्टर (झटका अर्थिंगकडे वळवणारी वस्तू) दिलाय का, हे बसवणाऱ्याला विचाराच. फायबरचं इंटरनेट असेल तर काचेच्या तंतूतून करंट येत नाही. तिथे जातो तो अडॅप्टर, आणि राउटरपासून दुसऱ्या खोलीत नेलेली लॅनची तार लांब असेल तर तिची पोर्टं.

आरसीसीबी सारखा पडतोय

आरसीसीबी म्हणजे करंट कुठे जमिनीकडे गळला की लाईन तोडणारा बोर्डातला स्विच. वादळात एकदा पडला आणि नंतर उचलला तर टिकला, तर काळजी नको. झटका अर्थिंगकडे जाताना त्याने पाहिला आणि आपलं काम केलं. तो ३० मिलीअँपिअरलाच तुटतो, तेवढ्यासाठीच आहे.

पुन्हा पुन्हा पडत असेल तर खालचे सगळे एमसीबी (एकेका लाईनीचे छोटे स्विच) पाडा, मग आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाईनीवर पाणी शिरलंय. आमच्याकडे दहातले आठ वेळा दोष घराबाहेर असतो: फाटकावरचा दिवा, अंगणातला होल्डर, बोअरच्या केबलचा टेप गुंडाळलेला जोड.

सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर गोंधळून जाऊ नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आत जोडलेलाच राहतो. म्हणजे कुठेतरी न्यूट्रल अर्थला किंवा ओल्या भिंतीला लागलाय. मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडून बघावी लागते. हे काम मेन बंद करून वायरमननेच करायचं.

"सारखा पडतो म्हणून डायरेक्ट करून द्या" असं मला दर पावसाळ्यात दोन-तीन घरी सांगतात. मी करत नाही, आणि जो करून देईल त्याला घरात घेऊ नका. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलायचा.

पत्र्याच्या खोलीबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे माणसं जातात. पत्र्याच्या कडेवरून गेलेली वायर वाऱ्याने घासते, वरचं प्लास्टिक झिजतं, पहिल्या पावसात पत्र्यात करंट उतरतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्याच पत्र्याच्या अँगलला बांधलेली असते. ओला कपडा टाकायला गेलेली बाई चिकटते आणि तिला ओढायला गेलेला माणूसही. आजच ती तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. दहा मिनिटांचं काम आहे. वायर पत्र्यातून जिथे आत शिरते तिथे पाइपाचा तुकडा घाला.

काय बसवायचं

पैसे हातात थोडे असतील तर क्रम असा ठेवा. पहिलं अर्थिंग, कारण झटक्याला आणि गळलेल्या करंटला जमिनीत जायची वाट तीच. दुसरा आरसीसीबी, नसेल तर. तिसरा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. हा व्होल्टेज साधारण २७० च्या पुढे गेलं की सगळं घर तोडतो आणि लाईन स्थिर झाल्यावर थोडं थांबून जोडतो. आत्याचं तिसऱ्या वर्षीचं सगळं नुकसान या एका वस्तूने वाचलं असतं.

चौथा एसपीडी, म्हणजे सर्ज अरेस्टर, मेन बोर्डात, टाइप २ चा. हा विजेच्या झटक्यासाठी. त्याच्यावर ३२० किंवा ३८५ व्होल्टचा आकडा असलेला घ्या. २७५ चा घेतलात तर न्यूट्रलच्या दोषात तोच तापून जातो. त्याच्या तारा दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. लांब, वळसे घेतलेल्या तारा ठेवल्या की तो नावापुरता उरतो. त्यावर हिरवी खिडकी असते, ती लाल झाली की कामातून गेला. दर मोठ्या वादळानंतर एक नजर टाका.

एमसीबी, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर ही सगळी आकाशातल्या विजेपुढे संथ आहेत. ती आपापल्या कामाची. आणि गच्चीवरचा तांब्याचा सळई-त्रिशूळ इमारत वाचवतो. टीव्ही वाचवायचं काम त्याचं नाही.

आभाळ भरून आल्यावर

यातलं काहीही बसवलं तरी प्लग काढणं सुटत नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातली फट काही मिलिमीटरची, आणि जी वीज ढगातून जमिनीपर्यंत उडी मारते तिला ती फट काय अडवणार? शिवाय बटण फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. टीव्हीचा प्लग, डिशची केबल, राउटर, फ्रिज, सगळं भिंतीपासून सोडवा.

पण हे ढग दिसतानाच करायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा प्लगला, बोर्डाला हात लावू नका. राहिलं ते राहिलं. टीव्ही पुन्हा घेता येतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं 'दामिनी' हे ॲप फोनवर असू द्या, ते आसपासच्या विजेची आगाऊ सूचना देतं.

त्या वेळात आंघोळ, नळाखाली भांडी, धुणं नको. खिडकीचे लोखंडी गज धरून पाऊस बघत उभं राहायचं नाही, पोरांना हे दहा वेळा सांगा. मोबाईल हातात असल्याने वीज पडत नाही; चार्जरला लावलेला फोन कानाला लावणं धोक्याचं आहे. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून घरातल्या एखाद्याला कोपऱ्यात बसवतात, त्याला काही आधार नाही. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीकडे मात्र कोणीच जायचं नाही, मोटार चालू राहिली तरी राहू द्या. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबून मगच बाहेर.

बाहेर तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलेलीच आहे असं कधीच समजू नका. लांब उभं राहून लोकांना अडवा आणि १९१२ ला फोन करा. करंटला चिकटलेल्या माणसाला आधी मेन बंद करूनच हात लावायचा. पण आकाशातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट शिल्लक नसतो, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करा. "शिवू नका" म्हणत लोक भोवती उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस तिथेच जातो.

आत्याच्या घरी हे सगळं होऊन दोन वळीव झाले. या मेमध्ये एकदा प्रोटेक्टरने घर तोडलं, पडद्यावर २९१ दिसत होते, आणि तीन मिनिटांनी लाईट आली. जळालं काही नाही. मी पुन्हा १९१२ वर तक्रार टाकली आहे, कारण २९१ म्हणजे या वेळी दुसऱ्या खांबावरचा जोड सुटायला लागलाय. अर्थिंगच्या खड्ड्यात चैत्रापासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं असं ठरलंय. आत्या तुळशीला पाणी घालून झालं की शनिवारी तिकडे वळते, आणि पाणी चटकन जिरलं की मला फोन करून सांगते, "भेग पुन्हा पडली रे, माती भरून जा."